दिवे बघा, पण आधी अक्षरं बघा

दिवे छान आहेत म्हणून गेमिंगचा कीबोर्ड-माऊसचा सेटच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या, अंधारात उजळलेला कीबोर्ड मलाही फार आवडतो. फक्त बटणावरची अक्षरं नीट बघा. स्वस्त सेटमध्ये बहुतेक वेळा बटणावर रंगाचा थर देऊन त्यात अक्षर कोरलेलं असतं. रोज गेम खेळलं की सगळ्यात आधी डब्ल्यू-ए-एस-डीचा, म्हणजे गेममध्ये चालण्या-वळण्यासाठी वापरतात त्या चार बटणांचा रंग उडतो. माझ्या जुन्या कीबोर्डवर 'ए'च्या जागी नुसता प्रकाशाचा डाग उरला होता. डबल-शॉट कीकॅपमध्ये (कीकॅप म्हणजे बटणाची वरची टोपी) अक्षर वेगळ्या प्लास्टिकचंच असतं, ते पुसलं जात नाही.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. पण नुसतं 'मेकॅनिकल फील' लिहिलेलं असेल तर आत बहुधा मेम्ब्रेनच, म्हणजे बटणांखाली रबरी पडदा असलेला साधा कीबोर्डच निघतो. त्यात तीन-चार बटणं एकदम दाबली की बऱ्याचदा एखादं नोंदलंच जात नाही. गेममध्ये शिफ्ट आणि डब्ल्यू धरून ठेवा, त्यातच स्पेस दाबा, पात्र उडी मारतं का बघा.

माऊसच्या डीपीआयच्या (माऊस जरा हलवला की कर्सर किती सरकतो त्याच्या) आकड्याला भुलू नका, ८०० ते १६०० मध्ये बहुतेकांचं भागतं. हातात कसा बसतो ते महत्त्वाचं. आणि हो, दिवे एकाच रंगावर थांबवता येतात का, हेही विचारून घ्या. काही सेटमध्ये इंद्रधनुष्य सोडून दुसरा पर्यायच नसतो.