इंजिनाचा आवाज गेला, तर गाडीत उरतं काय?

चौथा_गिअर:
विजेच्या गाडीचा विषय निघाला की लोक रेंज (एका चार्जवर गाडी किती धावते), चार्जिंग, बॅटरीचं आयुष्य अशी कारणं पुढे करतात. माझ्या मते खरं दुखणं भलतंच आहे. गाडी ही आपल्या मर्दुमकीची, ऐपतीची, 'मला कळतं यातलं'ची खूण होती आणि ती खूण आवाजात होती. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एनमध्ये बदलायला गिअरच नाहीत, तरी बटण दाबलं की गिअर पडल्यासारखा खोटा झटका बसतो आणि स्पीकरमधून इंजिन गुरगुरतं. डॉजने चार्जर डेटोनाला मागे आवाज काढणारं खास यंत्र बसवलंय. ज्याची कुणाला गरज नाही, त्यासाठी एवढा खटाटोप कोण करेल?
हा गुंता सुटेपर्यंत लोक विजेची गाडी घेतील, पण नाइलाजाने. पटतंय का?

सरळ_हिशेब:
अजिबात नाही. नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास 89 टक्के विजेच्या होत्या. तिथल्या सगळ्यांचं गाडीवरचं प्रेम आटलं का? सरकारने पेट्रोलच्या गाडीवर जबर कर ठेवला, विजेच्या गाडीला तो वर्षानुवर्षं माफ केला, बसच्या लेनमधून जाऊ दिलं. हिशेब बदलला की भावना मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसते.

चौथा_गिअर:
आलं नॉर्वे! अहो, कर माफ करून विक्री वाढते हे शाळकरी पोरही सांगेल. मी विक्रीबद्दल बोलतच नाहीये. फावल्या वेळात बॉनेट उघडून उगाच आत बघत उभा राहणारा माणूस विजेच्या गाडीत काय बघणार? प्लास्टिकचं झाकण?

जुनी_पानं:
दोघांनीही थोडं मागे जावं. मोटारीत बसून ताशी 100 किलोमीटरचा टप्पा सर्वात आधी ओलांडला तो 1899 साली, कामिय जेनात्झी या बेल्जियन माणसाने, आणि गाडी विजेवर चालणारी होती! म्हणजे वेग आणि पेट्रोल यांची गाठ काही ब्रह्मदेवाने मारलेली नाही.
मग वीज मागे का पडली? स्वस्त पेट्रोल, शहराबाहेर वीज नसणं, फोर्डची स्वस्त पेट्रोल गाडी मॉडेल टी, ही कारणं आहेतच. पण एक गंमत बघा. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. विजेच्या गाडीला ना हँडल, ना धूर, ना गिअर. म्हणून जाहिरातदारांनी ती 'बायकांची गाडी' ठरवली. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. नवरा जगाला पेट्रोलच्या गाड्या विकतोय आणि घरात ही! पुढे 1912 साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला, हँडल गेलं, आणि बायकांच्या गाडीतली मुख्य सोय पेट्रोलच्या गाडीने गुपचूप उचलली. त्याबद्दल मर्दुमकीवाल्यांनी तक्रार केल्याचं काही वाचनात नाही.
तेव्हा चौथा_गिअर, तुमची ती 'खूण' जाहिरातींनी घडवलेली आहे. ती पुन्हा घडवताही येते.

चौथा_गिअर:
घडवलेली असली म्हणून खोटी ठरत नाही. आपल्या निम्म्या आवडी कुणीतरी घडवलेल्याच असतात.

पाना_पकड:
आवाजाचं कौतुक पुरे. मी गॅरेजात वाढलोय. कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, कान द्यायचा, इंजिन अडखळलं की किंचित मागे आणायचा. ते कसब आता कुणी विचारत नाही, ठीक. पण मालकी? मर्सिडीजने 2022 साली अमेरिकेत विजेच्या काही मॉडेलांसाठी जास्त पिकअप वार्षिक वर्गणीवर देऊ केला. मोटर तीच, गाडी तुमच्याच दारात, ताकद मात्र कंपनीच्या मर्जीवर. माझा विरोध विजेला नाही, या कुलपाला आहे.

सरळ_हिशेब:
दादा, कुलूप विजेने आणलेलं नाही. बीएमडब्ल्यूने गरम सीटची वर्गणी लावली होती ती पेट्रोलच्या गाड्यांनाही. ओरड झाली आणि 2023 मध्ये गुंडाळली. पेट्रोल इंजिनही कित्येक वर्षं कॉम्प्युटरवरच चालतंय. आणि विजेच्या मोटरमध्ये मुळात बिघडायला आहेच किती? इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही.

पाना_पकड:
कमी बिघडतं, मान्य. बिघडलं की मात्र अख्खा डबाच बदला म्हणतात. तो उघडायची परवानगी, सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या मेकॅनिकला द्या, मग मीच पहिला गाडी घेतो.

तिसरा_मजला:
भावना, मालकी, इतिहास... छान चाललंय. माझी गाडी रस्त्यावर जिथे जागा मिळेल तिथे लागते. चार्जिंगची वायर खिडकीतून सोडू का? ज्यांच्याकडे स्वतःचं पार्किंग आहे त्यांनाच रेंज-चार्जिंग हा बहाणा वाटतो.

फूटपाथवाली:
गाडीत बसलेल्यांचंच चाललंय मघापासून. आम्ही बाहेर असतो. धूर कमी होणार असेल तर तुमची खूण गेली तरी चालेल. पण पूर्ण शांत गाडीही नको. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला मागून येणारी गाडी कळणार कशी? म्हणून तर युरोपात ताशी 20 किलोमीटरपर्यंत विजेच्या गाडीने आवाज करणं सक्तीचं केलंय.

चौथा_गिअर:
म्हणजे आवाज हवाच ना!

फूटपाथवाली:
हवा, पण आम्हाला ऐकू येण्यापुरता. तुमची छाती फुगवायला नव्हे.