थंडीत सकाळी ब्रेकमधून कुईं कुईं आवाज, पॅड आणि डिस्क दोन्ही बदलावे लागतील का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, ४५ हजार किमी झालेत. आम्ही निफाडजवळ मळ्यात राहतो, गाडी रात्री उघड्यावरच असते, वर साधा पत्रापण नाही. सध्या गारठा जाम वाढलाय, बागेत शेकोट्या पेटवायची वेळ आलीय. सकाळी नाशिकला निघाले की मळ्यातून हायवेला लागेपर्यंत प्रत्येक ब्रेकला पुढून आधी खर्रर्र आणि मग कुईंईं असा कानात घुसणारा आवाज येतो. चांदोरी येईपर्यंत खर्रर्र जातं, पण डावीकडून बारीक शिट्टीसारखं काहीतरी चालूच राहतं, ब्रेक दाबला की ते बंद होतं आणि सोडला की परत सुरू. संध्याकाळी येताना खर्रर्र अजिबात नसतं, शिट्टी मात्र असते. सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर चाक न काढताच दोन्ही पॅड, दोन्ही डिस्क बदला म्हणाले, एस्टिमेट बघून डोळे पांढरे झाले. पैशाचं काय, होईल कसंतरी, पण मुलं असतात गाडीत, ब्रेकचं दुखणं अंगावर काढायचं नाहीये मला. थंडीमुळेच होतंय की खरंच काही बिघडलंय?

सिन्नरी_बाणा
ताई टेन्शन घेऊ नका, आमच्याकडे पण दर हिवाळ्यात हेच. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, ती बिडाची असते, रात्रभर दव पडलं की तिच्यावर गंज धरतो, ओला ठेवलेला लोखंडी तवा सकाळी तांबूस दिसतो ना अगदी तसं. पहिल्या पाच-सहा ब्रेकला पॅड (ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे तुकडे) तो गंज खरवडून काढतात, त्याचाच आवाज. फार त्रास होत असेल तर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे) मारून बघा डिस्कवर, आवाज लगेच बंद होईल.

पाना_नंबर_१७
डिस्कवर डब्ल्यूडी-४० किंवा कसलंही ऑइल अजिबात मारायचं नाही!! आवाज बंद होईल कारण ब्रेकच लागणार नाही. पॅड ते तेल पिऊन घेतात आणि मग कितीही पुसा, काही उपयोग नाही, फेकून नवीनच टाकावे लागतात. सिन्नरचे दादा, गंजाचं तुमचं बरोबर आहे पण हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका, घाटात जीव जाईल एखाद्याचा. साफच करायचं असेल तर ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळतो तो वापरा.

ताई, माझं गॅरेज आहे, रोज हेच काम. तुमच्या गाडीत दोन वेगळे आवाज आहेत आणि ते एकत्र धरल्यामुळे घोळ होतोय. सकाळचं खर्रर्र म्हणजे दव आणि गंज, गाडी चालली की जातं, त्याला एक रुपयाही खर्च करू नका. थंड आणि दमट असताना पॅडची पकड सुरुवातीला जरा अडखळती असते, त्यात पॅडमध्ये धातूचं प्रमाण जास्त असेल तर किंचाळतात पण जास्त.

पण ती शिट्टी संध्याकाळी पण येते म्हणताय ना, मग तिचा थंडीशी काही संबंध नाही. बऱ्याच पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला टेकून वाजायला लागते, मुद्दाम तशीच बनवलेली असते. ब्रेक न दाबता वाजणं आणि दाबल्यावर थांबणं हे बऱ्याचदा तिचंच लक्षण असतं. कधीकधी डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये बारीक खडा अडकतो, तेव्हा पण सतत घासल्यासारखा आवाज येतो. त्यामुळे चाक खोलल्याशिवाय कुणी काही सांगत असेल तर ऐकू नका. नवीन पॅडचा मसाला (डिस्कवर घासून झिजणारा थर) साधारण १० मिमी असतो, ३ मिमीवर आला की बदलायचाच. आणि आतल्या बाजूचा पॅड आवर्जून बघायला लावा, बाहेरचा अलॉयच्या फटीतून दिसतो म्हणून सगळे तेवढाच बघतात. कॅलिपर म्हणजे पॅड धरून दाबणारा भाग, तो ज्या पिनेवर सरकतो ती स्लायडर पिन जाम झाली की आतला पॅड डिस्कला चिकटूनच राहतो आणि बाहेरच्याच्या दुप्पट झिजतो. एकाच बाजूने आवाज आहे म्हणून माझा संशय तिथेच आहे.

ब्रेक ऑइलची बाटली पण बघा, पॅड झिजले की लेव्हल खाली जाते. खाली दिसली म्हणून नुसती भरून टाकू नका, आधी पॅड तपासा.

मिसिसागाचा_मराठी
आमच्याकडे कॅनडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पिना जाम होणं हे नेहमीचंच. मी दर वर्षी बर्फ संपला की पिना काढून, साफ करून ग्रीस लावून घेतो. एक लक्षात ठेवा, साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने पिनेचं रबर फुगतं, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं. अजून एक, उघड्यावर गाडी असेल तर संध्याकाळी धुवून तशीच ओली लावू नका, एक चक्कर मारून चार-पाच वेळा ब्रेक दाबा, डिस्क कोरडी होते. आणि सपाट जागा असेल तर रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावा, ओलीमुळे मागच्या ड्रम ब्रेकमधले लायनर (आतून घासणारे पट्टे) ड्रमला चिकटतात, सकाळी गाडी हलवताना टक्क करून सुटतात.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पिंपळगावला ओळखीच्या मिस्त्रींकडे समोर उभं राहून चाक काढून घेतलं. डावीकडचा बाहेरचा पॅड ६ मिमी आणि आतला जेमतेम २, पट्टी डिस्कला टेकलेली, तिथे डिस्कवर एक बारीक चकचकीत गोल रेघ पडलेली स्पष्ट दिसत होती. खालची पिन हाताने हलेना, पान्याने फिरवून काढावी लागली, रबर फाटून आत पाणी गेलं होतं. उजवीकडचं सगळं ठीक. डिस्कची जाडी मोजली, लिमिटच्या वर आहे, बदलायची गरज नाही म्हणाले. पॅड दोन्हीकडचे नवीन टाकले, पिन आणि रबर नवीन. शिट्टी गेली. पण आता ब्रेक थोडा कमी लागतोय असं वाटतंय, हे नॉर्मल आहे का?

पाना_नंबर_१७
दोन्हीकडचे टाकले ते उत्तम केलंत, एकाच बाजूचे टाकले तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते. नवीन पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर मागे गाडी नाही बघून ५०-६० वरून १५ पर्यंत हळूहळू ब्रेक दाबा, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्या, असं आठ-दहा वेळा करा, मधे थोडं तसंच चालवून डिस्क गार होऊ द्या. साधारण ३०० किमीपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. पेडल मात्र स्पंजसारखं खाली जात असेल किंवा दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये (नळीत) हवा असू शकते, मग गाडी नाशिकला नेऊ नका, मिस्त्रींना घरी बोलावून आधी हवा काढून घ्या.