घानातून आईला लिहिलेली एका अमेरिकन शिक्षिकेची पत्रे : मराठीत आणताना काय गाळावे?

अनघा (न्यू जर्सी) :

नमस्कार. आमच्या शेजारी राहणाऱ्या एक वयोवृद्ध बाई १९६४ ते १९६६ या काळात पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून घानातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत होत्या. तेव्हा त्या नुकत्याच पदवीधर झाल्या होत्या. त्यांनी घरी पाठवलेली एरोग्राम (एकाच कागदाची, घडी घालून बंद करायची हवाई टपालाची पत्रे) त्यांच्या आईने जपून ठेवली होती. ती त्यांनी मला वाचायला दिली असून, निवडक पत्रांचा अनुवाद आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात छापायला त्यांची संमती आहे.

अडचण सुरुवातीच्या पत्रांची आहे. उघडी गटारे, बाजारातला सुक्या मासळीचा वास, धडा समजून न घेता जसाच्या तसा पाठ करणारी मुले, यांविषयी त्यांत फार तोडून लिहिले आहे. पुढच्या वर्षीच्या पत्रांत मात्र हीच मुलगी रात्री कंदिलाच्या उजेडात त्याच मुलांचे निबंध तपासताना दिसते, आणि मासळी विकणाऱ्या बाईंच्या नातवाला आठव्या दिवशी प्रथम घराबाहेर आणून नाव ठेवतात त्या समारंभाला पहाटे उठून जाते. पहिली पत्रे वगळावीत, अशी बाईंची इच्छा आहे, पण माझे मन तयार होत नाही.

दुसरे असे की, फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीचे पत्र अगदीच त्रोटक आहे. आम्ही सर्व सुखरूप आहोत, शाळा चालू आहे आणि टाइपरायटरची रिबन पाठव, एवढाच त्यातला मजकूर. असे पत्र छापण्यात अर्थ आहे का?

श्रीनिवास :

अनघाताई, पहिली पत्रे वगळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे; परंतु बाईंना वाटणारा संकोच कोठून येतो, हे आधी समजून घ्यायला हवे. त्या पिढीच्या स्वयंसेवकांना ऑक्टोबर १९६१ मधली नायजेरियातली घटना ठाऊक असणारच. मार्जरी मिशेलमोर ही तेवीस वर्षांची तरुणी शिक्षिकेच्या कामाची तयारी करण्यासाठी इबादानच्या विद्यापीठ महाविद्यालयात आली होती. तिने अमेरिकेतल्या मित्राला लिहिलेल्या पोस्टकार्डात तेथील राहणीचे वर्णन 'आदिम' अशा अर्थाच्या शब्दाने केले, आणि माणसे स्वयंपाकापासून शौचापर्यंत सारे रस्त्यावरच उरकतात, असेही लिहिले. ते कार्ड टपालात पडण्यापूर्वीच विद्यार्थ्यांच्या हाती लागले, त्याच्या प्रती वाटल्या गेल्या, निषेधसभा झाली आणि तिला परत जावे लागले. नायजेरिया स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते, त्यामुळे तो संताप रास्तच होता. मात्र ज्या मजकुराने एवढे वादळ उठले, तसा मजकूर बंद एरोग्राममधून किती घरी पोचला असेल, याचा विचार केला की आपल्या हातातल्या पत्रांचे मोल कळते.

पाठांतराच्या तक्रारीचेच पाहा. वेस्ट आफ्रिकन एक्झामिनेशन्स कौन्सिलच्या परीक्षेवर त्या मुलांचे पुढचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून असे, आपल्याकडच्या जुन्या मॅट्रिकवर असे तसेच. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असताना मुलाने उत्तर पाठ करणे हा त्याच्या दृष्टीने शहाणपणाच होता. बाईंना हे कोणत्या महिन्यात उमगले, ते तारखा लावून वाचल्यावर दिसेल. पहिली पत्रे काढून टाकलीत तर उरलेल्या पत्रांतली समजूतदार शिक्षिका जणू जन्मतःच तशी होती असे वाटेल, आणि तिला घडवण्यात त्या मुलांचा व त्या मासळीवाल्या बाईंचा जो वाटा होता तो पुसला जाईल. माझा खरा आक्षेप यालाच आहे. बाईंची हरकत नसेल तर त्या पत्रांवर आज त्यांना काय वाटते, ते त्यांच्याकडूनच लिहवून घेऊन सोबत छापावे.

विद्यार्थ्यांची नावे मात्र बदला, कारण त्यांनी कोणालाही संमती दिलेली नाही.

मेधा कुलकर्णी :

फेब्रुवारीचे पत्र अवश्य छापा. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी घानात लष्कर आणि पोलिसांनी राष्ट्राध्यक्ष क्वामे एनक्रुमा यांची सत्ता उलथून टाकली. ते स्वतः तेव्हा व्हिएतनाम युद्धात मध्यस्थी करण्यासाठी हनोईला निघालेले होते आणि वाटेत चीनमध्ये होते. पीस कोअरची पहिली शिक्षक-तुकडी ३० ऑगस्ट १९६१ रोजी आक्रा येथे उतरली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. ही बातमी आईने अमेरिकेत वर्तमानपत्रात वाचली असणार, हे ओळखून मुलीने रिबन मागितली आहे. नेहमीची मागणी पाहून आईचा जीव भांड्यात पडावा, हा त्यामागचा हेतू मला तरी उघड दिसतो. पत्राच्या आधी दोन ओळींची टीप द्या, म्हणजे वाचकाला संदर्भ शोधत बसावे लागणार नाही.

रवींद्र (अहमदनगर) :

वरील चर्चेला आमच्या गावाचा एक दाखला जोडतो. सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला आल्या आणि १८६२ मध्ये येथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्या संस्थेत झाल्याचे चरित्रांत नोंदलेले आहे. फरार बाईंना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या 'मिशनरी हेरल्ड' या बोस्टनच्या मासिकात मिशनऱ्यांच्या पत्रांतले उतारे छापले जात. देणगीदारांपुढे काय जावे, हे संपादक ठरवत, त्यामुळे छापील उताऱ्यांत शाळांची आणि मुलींची संख्या सापडते, पण त्या मुली वर्गात काय बोलल्या हे क्वचितच कळते. सुदैवाने बोर्डाची मूळ कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जतन झाली आहेत, म्हणून अभ्यासकाला छापील मजकुरामागे जाता येते.

आपणही तशी सोय करून ठेवावी. दिवाळी अंकासाठी निवड करावीच लागेल, तेव्हा कोठे मजकूर गाळला आहे ते टिंबांनी दाखवा आणि सर्व पत्रांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, कारण एरोग्राममध्ये जागा संपली की लोक घडीच्या कडेने आडवे लिहीत. मूळ पत्रे बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयाला किंवा वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीला देता येतील का, हे बाईंना विचारावे. दोन्ही ठिकाणी पीस कोअरच्या माजी स्वयंसेवकांचे संग्रह आहेत. शिवाय, पत्र आईच्या पेटीत सापडले तरी त्यातील मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो, म्हणून अनुवादाची संमती तोंडी असेल तर ती आताच लेखी घ्या, आणि कोणत्या तारखांच्या पत्रांसाठी ती आहे, तेही त्यात नमूद करा.