पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जुनाट दुखण्याची ट्रीटमेंट नीट चाललीय का, हे मोजायचं कसं?

ओपीडीवाला:
ग्रामीण पीएचसीला एमओ (मेडिकल ऑफिसर) आहे. रोज तेच गुडघे, कंबर, मान. दर आठवड्याला तेच पेशंट येतात, डायक्लोचं (डायक्लोफिनॅक, पेनकिलर) इंजेक्शन घेतात, चार दिवस बरं वाटलं की परत रांगेत. महिन्याच्या रिपोर्टात ओपीडी किती झाली ते जातं, दुखणं कमी झालं का याला कॉलमच नाही. म्हणून मी ० ते १० पैकी किती दुखतं ते विचारून रजिस्टरात लिहायला लागलो, तर परवा एक आजी म्हणाल्या "दहाबिहा नाय कळत बाबा, सोळा आणे दुखतंय." आता काय लिहू, दहा? कोणी काही सोपं वापरतंय का?

फिजिओताई:
आण्यातच विचारा की सर, आजींना ते नेमकं कळतं 😀 पण नुसतं किती दुखतं एवढ्यावर थांबू नका. पीईजी म्हणून ३ प्रश्नांचा स्केल आहे, गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, त्यानं जगण्यातली मजा किती गेली, रोजची कामं किती अडली. तिन्हीची सरासरी काढायची, ती ३०% उतरली तर फरक पडला म्हणायचा. कामाचं विचारताना मी सरळ संडासला बसता येतं का, भाकऱ्या थापायला किती वेळ बसवतं असं विचारते, "ॲक्टिव्हिटी" म्हटलं की लोक गप्प होतात.

जुनाफिजिशियन:
स्कोअर ठेवा पण त्याच्या मागे धावू नका. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदनेला पाचवा व्हायटल साइन केलं (म्हणजे नाडी, बीपीसारखं दर वेळी मोजायचं), २००१ मध्ये जॉइंट कमिशनचे (तिथली हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था) वेदना मोजण्याचे स्टँडर्ड्स आले, आणि आकडा उतरवायला हाताशी सोपं काय होतं, तर ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची, सवय लागणारी पेनकिलर. (कंपन्यांचा प्रचार होताच म्हणा.) २०१६ ला एएमएने (अमेरिकन मेडिकल असोसिएशन, तिथल्या डॉक्टरांची संघटना) ते पाचवा व्हायटल साइन प्रकरण सोडा म्हणून ठराव केला. आपल्याकडे ओपिऑइडच्या जागी डायक्लो. दुसऱ्या दिवशी मोजलंत तर इंजेक्शन पास होणारच, ३ महिन्यांनी मोजा. आणि महिनोन्महिने पेनकिलर खाणाऱ्यांपैकी किती जणांचं बीपी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलं ते पण लिहा, माझ्या मते खरी क्वालिटी तिथं दिसते.

कोल्हापूरची_लेक:
मी डॉक्टर नाही, पण आमची आई तुमच्यासारख्यांपुढे "बरंय" म्हणते आणि येताना मेडिकलमधनं सुट्ट्या गोळ्या आणते. ते विचारता का कोणी?

ओपीडीवाला:
ताई, विचारलं आज. आजींच्या चंचीत पानाबरोबर कागदाच्या पुडीत दोन वेगळ्या पेनकिलर निघाल्या, वर आमची डायक्लो. बीपी १७०/१००. दुखणं म्हणे बारा आणे. रजिस्टरात हातानं कॉलम आखलाय, "मेडिकलमधून काय?"