पुढे एक, मागे दुसरे कंपाउंड: ट्रॅकवरच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला मानवते का?

मांडवी किनारा, रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पहिल्या पिढीची १.३ पेट्रोल स्विफ्ट असून गेली तीन वर्षे ती फक्त ट्रॅकसाठी राखून ठेवली आहे. मागची सीट काढलेली आहे, रोल केज बसवलेला आहे आणि १५ इंची रिमवर चारही चाकांना एकाच कंपनीचे, एकाच कंपाउंडचे (रबराच्या मिश्रणाचे), १९५/५० मापाचे, ट्रेडवेअर (झिजेचा छापील आकडा) २०० चे टायर आहेत. वर्षातून दोनदा ती ट्रेलरवर चढवून आंबा घाटातून कोल्हापूर आणि पुढे बंगळूरमार्गे कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेतो. येथे सरावाला जागा म्हणाल तर घरामागचा सडा, आणि जांभ्याच्या कातळावर टायर कसे किसले जातात ते कोकणातल्यांना सांगायला नको.

अडचण अशी आहे की पहिल्या दोन लॅपमध्ये गाडी उत्तम वळते, परंतु पाचव्या-सहाव्या लॅपनंतर पुढची चाके नांगर टाकल्यासारखी सरळ जाऊ लागतात. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा खवल्यांसारख्या सोलल्या गेल्या आहेत, तर मागचे टायर अजून जवळजवळ नवेच दिसतात. पिटमधील एका अनुभवी गृहस्थांनी पुढे अधिक मऊ कंपाउंड घालण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यांनी नेमके उलट, म्हणजे पुढे कडक आणि मागे मऊ घालण्यास सांगितले. गावातल्या टायरच्या दुकानात विचारले तेव्हा नायट्रोजन भरू का, एवढाच प्रतिप्रश्न आला. या वर्षी एकच जोडी घेणे परवडणार आहे. ती पुढे घालावी की मागे, आणि कोणत्या कंपाउंडची घ्यावी?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले अर्धे बरोबर आहेत आणि म्हणूनच फसवे आहेत. मऊ टायर म्हणजे जास्त पकड आणि कडक टायर म्हणजे कमी पकड, असे आपण गृहीत धरतो. पण ही पकड टायरच्या तापमानावर अवलंबून असते, आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचा आणि मागचा टायर एकाच वेळी एकाच तापमानाला क्वचितच असतात. गाडीचे साधारण ६० टक्के किंवा त्याहून अधिक वजन पुढे, इंजिनाची ओढ पुढे, वळवण्याचे काम पुढे आणि ब्रेकचा मोठा वाटाही पुढेच. मागची चाके बिचारी वरातीच्या मागे चालणाऱ्या पाहुण्यांसारखी येत असतात. त्यामुळे पुढचे टायर लवकर तापतात आणि लवकरच अति तापतात, तर मागचे कित्येकदा पूर्ण सत्र संपले तरी कामाच्या तापमानाला पोहोचत नाहीत.

आता यात पुढे मऊ कंपाउंड घातले तर काय होईल ते क्रमाने पाहा. मऊ रबर कमी तापमानाला पकडू लागते, म्हणून पहिल्या लॅपमध्येच नाक झटकन आत वळेल, त्या वेळी मागचे टायर थंड असतील, आणि वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मागचा भाग बाहेर फेकला जाईल. सहाव्या लॅपला तेच मऊ टायर उकळून गेलेले असतील आणि आपली मूळ तक्रार पूर्वीपेक्षा लवकर परत येईल. म्हणजे सुरुवातीला ओव्हरस्टिअर (मागचा भाग बाहेर फिरणे) आणि शेवटी अंडरस्टिअर (नाक न वळता सरळ जाणे), असे दोन रोग एकाच सत्रात.

ब्रेकचाही विचार करावा. पुढची पकड वाढली की ब्रेक मारताना वजन आणखी पुढे सरकते, मागची चाके आणखी हलकी होतात, आणि ती कडक कंपाउंडवर असतील तर आधी लॉक होण्याचा धोका वाढतो. एबीएस नसलेल्या गाडीत मागची चाके पुढच्यांच्या आधी लॉक होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे तो पुन्हा पुढे मऊ घालणार नाही.

पायरोमीटरने (टायरचे तापमान मोजणाऱ्या यंत्राने) घेतलेली मापे असतील तर कृपया द्यावीत. टोचून मापणारा असावा. पृष्ठभागाचे तापमान दुरून वाचणारा इन्फ्रारेड असेल तर गाडी पिटमध्ये येईपर्यंत वरचा थर थंड होऊन आकडे खोटे येतात.

रेवदंडा खाडी, अलिबाग

चिपळूणकरांच्या मुद्द्याला माझ्या पाठीचा पुरावा जोडतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर मी एका सकाळी पुढे नवे मऊ आणि मागे तीन वर्षांपूर्वीचे दगड झालेले टायर घालून उतरलो होतो. दुसऱ्या लॅपला वेग थोडा जास्त वाटला म्हणून पाय उचलला, आणि गाडी एवढ्या शांतपणे उलटी फिरली की स्टिअरिंग फिरवायचे सुचण्याआधी मला मागून येणाऱ्या गाडीच्या चालकाचे हेल्मेट समोर दिसत होते. टक्कर झाली नाही, हे नशीब. त्यानंतर आठवडाभर पाठ धरली होती.

माझे मत मात्र याहून कडक आहे. चारही टायर एकाच कंपाउंडचे ठेवावेत आणि गाडी सुधारावी. फॉर्म्युला वनमध्ये एका वेळी गाडीवर एकाच प्रकारचा संच असावा लागतो. २०१५ च्या बेल्जियन ग्रांप्रीत विल्यम्स संघाने बोटासच्या गाडीला तीन सॉफ्ट आणि मागे उजवीकडे एक मीडियम टायर चुकून बसवला, तेव्हा त्याला ड्राइव्ह-थ्रूची (न थांबता पिटमधून गाडी नेण्याची) शिक्षा झाली. मोटोजीपीमध्ये पुढचे आणि मागचे कंपाउंड वेगवेगळे निवडतात हे खरे आहे, पण मोटारसायकलचे पुढचे आणि मागचे चाक मुळातच निराळ्या आकाराचे आणि निराळ्या कामाचे असते. तेथील उदाहरण स्विफ्टला लावू नये.

मांडवी किनारा, रत्नागिरी

दोघांचेही आभार. गेल्या खेपेची वही सापडली. सात लॅपनंतर लगेच, टोचून मापणाऱ्या पायरोमीटरने घेतलेले आकडे असे: पुढचा डावा बाहेरच्या कडेला १०४, मध्ये ९६ आणि आतल्या कडेला ८८ अंश सेल्सियस, मागचा डावा तिन्ही ठिकाणी ५० ते ५२. प्रेशर निघताना चारही चाकांत ३० पीएसआय होते. परत आल्यावर मोजले तर पुढे ३८ आणि मागे ३२ झाले होते. पुढचा कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) कंपनीतून आला तसाच, म्हणजे जवळपास शून्य आहे. मागे अँटी रोल बार (वळणात गाडीचे कलणे कमी करणारी दांडी) बसवलेला नाही.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

दादा, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत आहे. या वहीतच उत्तर आहे आणि ते कंपाउंडचे नाही.

पुढच्या टायरचा मध्य ९६ आणि दोन कडांची सरासरीही ९६, म्हणजे प्रेशर ठीक आहे. फार हवा असती तर मध्य जास्त तापला असता, कमी असती तर दोन्ही कडा. परंतु बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा १६ अंशांनी गरम आहे. नीट कॅम्बर असलेल्या गाडीत आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा किंचित गरम असायला हवी. आपली गाडी वळणात कलते तेव्हा सगळा भार बाहेरच्या दोन बोटे रुंदीवर येतो, आणि १९५ मिलिमीटरचा टायर घेऊनही आपण त्याचा अर्धाच भाग वापरता. तेथे मऊ कंपाउंड घातले तर तीच कड अधिक लवकर सोलली जाईल. कडक घातले तर सोलणे लांबेल, पण नांगर तसाच राहील. स्ट्रटला कॅम्बर बोल्ट किंवा कॅम्बर प्लेट लावून पुढे अडीच ते तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) मिळवा आणि पुन्हा मापा. माझ्या अंदाजाने निम्मी तक्रार तेथेच संपेल.

आता मागचे ५१ अंश. येथे मी अलिबागकरांशी आदरपूर्वक असहमत आहे. ज्या टायरचे रबर ८० अंशांच्या आसपास चांगले पकडते, तो ५१ वर चालवणे म्हणजे अर्धा शिजलेला भात वाढण्यासारखे आहे. कॅम्बर सुधारल्यावरही मागचे तापमान एवढेच राहिले, तर मागे कमी तापमानाला जागे होणारे मऊ कंपाउंड घालणे तर्कशुद्ध ठरते. यामुळे मागची पकड वाढेल आणि अंडरस्टिअर थोडा वाढल्यासारखा वाटेल. पण मग मागे अँटी रोल बार बसवून तो परत घेता येतो. मागचा भाग आडव्या कलण्याला कडक झाला की वळणात एका बाजूकडून दुसरीकडे जाणाऱ्या भाराचा मोठा हिस्सा मागची जोडी उचलते, आणि पुढची आतली व बाहेरची चाके भार अधिक समान वाटून घेतात. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. म्हणून समान भार घेतलेली दोन चाके मिळून, एकावरच लादलेल्या जोडीपेक्षा जास्त पकडतात. म्हणजे मागची पकड कंपाउंडने कमवायची आणि तिचा थोडा हिस्सा बारमार्फत पुढच्या चाकांना द्यायचा. आतले मागचे चाक वळणात हवेत उचलले गेले तर घाबरू नये, फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये ते चालते.

रेवदंडा खाडी, अलिबाग

या क्रमाला माझी हरकत नाही. माझा विरोध आधी टायर बदलून नंतर कारण शोधण्याला होता. एकच पुस्ती जोडतो: मागे मऊ घातले तरी पहिल्या दोन लॅप ते थंडच असणार, तेव्हा वळणात पाय एकदम उचलू नका.

टायरवाला, कुडाळ

मी ट्रॅकवर कधी गेलो नाही, पण टायर रोज हाताळतो, म्हणून खरेदीपुरते बोलतो.

ट्रेडवेअरचा आकडा पाहून कंपाउंड ठरवू नका. ही मोजणी अमेरिकेत टेक्सासच्या ठरावीक रस्त्यावर ७,२०० मैल टायर पळवून, प्रमाण टायरच्या तुलनेत झीज पाहून केली जाते, आणि अंतिम आकडा कंपनी स्वतः छापते. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० यांत मऊपणाचे नाते असेलच असे नाही. शिवाय तो आकडा झिजेचा आहे, पकडीचा नव्हे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना त्यातल्या त्यात विश्वासाची. शक्य असल्यास ड्युरोमीटरने (रबराचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्राने) शोअर ए मापावर कडकपणा मोजून घ्या, आणि दोन्ही टायर सावलीत एकाच तापमानाला असताना मोजा, कारण दुपारी उन्हात पडलेला टायर मऊच लागणार.

बाजूच्या चार आकडी तारखेवर नजर ठेवा. ३२२३ म्हणजे २०२३ चा बत्तिसावा आठवडा. सवलतीत मिळणारे जुने टायर मऊ कंपाउंडचे असले तरी पडून पडून कडक झालेले असतात. हेच आपल्या सध्याच्या मागच्या जोडीलाही लागू आहे: नक्षी नवी दिसते म्हणून रबर नवे असते असे नाही, तापून थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत ते थोडे कडक होते. कोकणात टायर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, वेल्डिंगच्या जागेजवळ तर नकोच, कारण वेल्डिंगच्या आर्कभोवती तयार होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरातील थंड खोलीत ठेवावे. पावसाळ्यात घरात लाकडांना जागा लागते हे मान्य, तरी.

मांडवी किनारा, रत्नागिरी

ठरवले ते असे: आधी कॅम्बर प्लेट आणि मागचा बार, टायर तेच. बार सुरुवातीला सर्वांत नरम खुणेवर. करीला पुढील खेपेस सात-सात लॅपची दोन सत्रे, प्रत्येकानंतर बारा ठिकाणी तापमान आणि चार ठिकाणी प्रेशर वहीत. मागचे ६० च्या खाली राहिले तर एकच जोडी मागे, त्याच कंपनीच्या मऊ मॉडेलची. पुढच्या जुन्या टायरांची बाहेरची कड गेली आहे, ती रिमवर उलटी बसवून आत घेता येते का हे कुडाळकरांना विचारायचे होते.

टायरवाला, कुडाळ

बाजूवर बाण किंवा 'बाहेरची बाजू' असे छापलेले नसेल तर येते. मात्र सोललेल्या कडेखालचे कापड दिसू लागले असेल तर नको. तसा टायर विहिरीच्या काठाला लावा.