स्नायू की पेशी? (टाचेवरची शीर अजून बाकी)

मातकट: सोलापुरात घरीच शाडूचा वर्ग घेते. दहा-बारा जण मनुष्याकृती शिकतायत, सध्या गुडघ्याखालचा पाय चालू आहे. त्यासाठी पानभर टिपण लिहिलं: 'आधी हाड, मग त्यावर स्नायू चढवा.' एका मुलीचे वडील वैद्य आहेत. त्यांनी लाल पेनाने 'स्नायू' खोडून 'पेशी' केलं. मी जन्मभर मसलला स्नायूच म्हणत आले. आता काय लिहू? आणि टाचेवरच्या त्या दोरीसारख्या शिरेला काय म्हणायचं?

शुद्धमती: वैद्यांचं बरोबर आहे. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजलेत. स्नायू बांधतात, पेशी म्हणजे मांस. टाचेवरची ती कंडरा. चूक रूढ झाली तरी चूकच.

पाटीपेन्सिल: सातवीतल्या पोराला 'पेशी चढवा' म्हणा, सूक्ष्मदर्शक मागेल. आणि कंडरेला शाळेत स्नायुरज्जू म्हणतात.

पूर्वभाग: आमच्या घरी तेलुगू. आम्ही मसललाच कंडरम् म्हणतो. तुमची दोरी आमच्याकडे येऊन फुगली की ओ! शेजारचे कानडी काका मात्र स्नायूच म्हणतात.

शुद्धमती: तेलुगूचं तेलुगूत ठेवा.

पूर्वभाग: मग संस्कृतचं संस्कृतात ठेवा की.

मातकट: भांडू नका. वर्गात नुसतं 'पोटरी' म्हटलं की भागतं. घोळ पुढे होतो. सगळे फुगवटा मधोमध देतात आणि पायाची बाटली होते. फुगवटा वरच्या अर्ध्यात हवा, त्यातही बाहेरची बाजू वरच आटोपते, आतली जरा खाली उतरते. घोट्यांचं नेमकं उलटं: आतला वर, बाहेरचा खाली. हे हाताला कळेपर्यंत तीनदा माती खरवडावी लागते. मलाही लागली होती.

जिरायती: ज्वारीचं ताट दाखवा त्यांना. मालदांडी पोटरीत येते तेव्हा कणीस आतच असतं, ताट वरच्या अंगाला फुगतं. शब्द तिथूनच पायाला आला असंल.

पाटीपेन्सिल: पाय आधीचा की ज्वारी आधीची?

जिरायती: आमच्याकडं ज्वारी.

गड्डेकरीण: माझी आजी पोटरी म्हणायचीच नाही. गड्ड्याच्या जत्रेत फिरून आली की पाय पसरून बसायची, 'पिंढऱ्यांत गोळे आले गं, तेल आण.'

शुद्धमती: पिंढरी पिंडावरून. मांसाचा पिंड, म्हणजे पेशीच. आजींना ठाऊक होतं.

गड्डेकरीण: आजीला सही करता येत नव्हती.

मातकट: 'स्नायू' ठेवलाय, समासात 'पेशी' लिहिलंय. शिरेचं कुणीतरी सांगा.

शुद्धमती: सांगितलं ना, कंडरा. बरं, माती खरवडायचं ते तारेच्या कडीचं हत्यार, त्याला मराठीत काय म्हणता?

मातकट: लूप.

जिरायती: खुरपं म्हणा की.