ब्रेन एमआरआय नॉर्मल, तरी एका डोळ्याची नजर गेली : चिठ्ठीवर काय मागायचं?

प्रश्न : ऑप्टोमेट्रिस्ट, सात रस्ता, सोलापूर
बाई मंगळवेढ्याच्या, वय ३४. उजवा डोळा पाच दिवसांत ६/६० वर (तक्त्यावरचं फक्त सर्वांत मोठं अक्षर दिसतं) आला. डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग फिका दिसतो, आरएपीडी आहे (उजेड टाकला की त्या डोळ्याची बाहुली कमी आकुंचते). डिस्क (डोळ्याच्या आत दिसणारं नसेचं टोक) मात्र दोन्हीकडे ठीक. डाय (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध) न देता ब्रेनचा एमआरआय झालाय, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर पुन्हा स्कॅन करा म्हणतात. या वेळी चिठ्ठीवर नेमकं काय असावं?

उत्तर : एमआरआय टेक्निशियन
ब्रेनच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये स्लाइस ५ मिमीच्या असतात. डोळ्याची नस (ऑप्टिक नर्व्ह) आवरणासकट साधारण ४ मिमी, म्हणजे ती एखाद्या स्लाइसमध्ये अर्धवट सापडली तर सापडली. त्यात डोळ्याच्या खोबणीतली (ऑर्बिट) चरबी पांढरी दिसते आणि सुजलेली नस तिच्यात लपते. म्हणून चरबी दाबणं, म्हणजे तिचा पांढरेपणा काढणं, हाच यातला मुख्य भाग.

'एमआरआय ऑर्बिट आणि ब्रेन, डाय देऊन' असं स्पष्ट लिहायला सांगा. कोरोनल (समोरून उभे काप) स्टिर (चरबी दाबणारा सिक्वेन्स) ३ मिमी किंवा त्याहून पातळ, डोळ्याच्या मागून कायझमच्या (दोन्ही नसा एकत्र येतात ती जागा) पलीकडेपर्यंत. डाय दिल्यावर फॅट-सॅट (चरबी दाबलेला) टी१, कोरोनल आणि अ‍ॅक्सियल (आडवे काप). डायनंतर स्टिर लावू नका, डायने उजळलेली नससुद्धा चरबीबरोबर काळी पडू शकते. डोस ०.१ मिलिमोल प्रति किलो. ०.५ मोलर डाय असेल तर ६० किलोला १२ मिली. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आधी बघा, आणि गरोदर आहेत का तेही विचारा.

उत्तर : रेडिओग्राफर
काजळ, सुरमा पूर्ण पुसून घ्या. त्यात लोहाचे कण असले तर नेमकी डोळ्यापाशी इमेज वाकडी होते. डोळे मिटून स्थिर ठेवायला प्रत्येक सिक्वेन्सआधी सांगा. सायनसमधली हवा किंवा दातांतला धातू यामुळे फॅट-सॅट अर्धवट बसतं आणि उरलेली पांढरी चरबी डाय घेतल्यासारखी दिसते. तिथे डिक्सन (चरबी आणि पाणी वेगळं करणारी पद्धत) वापरा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ग्राइंडर, लेथवर काम करणारा पेशंट असेल तर आधी ऑर्बिटचा एक्स-रे. डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर चुंबकात तो हलतो.

उत्तर : न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजी
ब्रेनचा पहिला स्कॅन वाया गेलेला नाही. अमेरिकेतल्या ऑप्टिक न्यूरायटिसच्या (डोळ्याच्या नसेची सूज, इथे तोच संशय आहे) मोठ्या चाचणीत ब्रेनमध्ये डाग नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना १५ वर्षांत एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतल्या नसांच्या आवरणाचा आजार) झाला, एक तरी डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. नव्या स्कॅनमध्ये नस निम्म्याहून जास्त लांब उजळली किंवा कायझमही धरला गेला, तर अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी (एमएससारखे दिसणारे वेगळे आजार शोधणाऱ्या रक्तचाचण्या) पाठवा. त्याच चाचणीत नुसत्या प्रेडनिसोन गोळ्या, १ मिग्रॅ प्रति किलो, घेणाऱ्यांमध्ये आजार जास्त उलटला. तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या सुरू होऊ देऊ नका.

फिल्ड टेस्ट (नजरेचा परीघ तपासणं) स्कॅनआधी करा. दोन्ही डोळ्यांच्या फिल्डची बाहेरची बाजू गेली असेल तर पिट्युटरी (मेंदूच्या तळाची ग्रंथी) आणि कायझमचे पातळ कट मागावे लागतात. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचं फिल्ड गेलं तर दोष कायझमच्या मागे असतो, आणि ते अचानक झालं असेल तर डिफ्यूजन (स्ट्रोक दाखवणारा सिक्वेन्स) हवंच. एक गोष्ट जरूर विचारा : टीबीची औषधं चालू आहेत का? एथॅम्ब्युटॉलने सहसा दोन्ही डोळ्यांची नजर न दुखता उतरते, आणि तिथे चांगला एमआरआयही बहुतेकदा नॉर्मलच येतो.